दोन विमानतळांतलं अंतर आणि उड्डाणाची वेळ: कर्कटक घेऊन बसा

भाच्याचा फोन आला तोच तक्रारीच्या सुरात. "मावशी, बोडो ते ट्रॉम्सो ३२६ किलोमीटर आहे. विमान ताशी ८०० नं जातं. म्हणजे पंचवीस मिनिटं. मग तिकिटावर पाऊण तासाच्या वर वेळ का दाखवतायत? पुढचं विमान पकडायचंय मला."

त्याचा भागाकार बरोबर होता. अंतरही बरोबर होतं, आणि ते बघून मला जरा बरंच वाटलं, कारण बहुतेकांचं तेच चुकतं. मी बावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली. विमान उडण्याआधी मार्ग, इंधन, वारा आणि वेळ यांचा हिशेब करणारी जी माणसं जमिनीवर बसलेली असतात, त्यांतली मी एक. आता हे सगळं सॉफ्टवेअर करतं, पण त्याचं उत्तर शहाणं आहे की खुळं, हे कळायला कागदावर एकदा करून बघावं लागतं. छोट्या विमानतळांच्या जोडीसाठी तर कागद पुरतोच.

भाच्याचीच जोडी घेऊ. दोन्ही विमानतळ उत्तर नॉर्वेतले, आर्क्टिक वर्तुळाच्या वर.

आधी, ठिकाण नेमकं कुठलं?

शहराचं नाव टाकून अंतर काढू नका. संकेतस्थळं कधी शहराच्या मध्यापासून मोजतात, कधी विमानतळापासून, आणि कुठून मोजलं ते सांगतीलच असं नाही. शिवाय नावं फसवतात. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे, सॅन होजे कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टा रिकातही. म्हणून तिकिटावरचा तीन अक्षरी कोड धरा. बोडोचा बीओओ, ट्रॉम्सोचा टीओएस. त्या कोडावरून विमानतळाचे अक्षांश-रेखांश शोधा. प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू ठरलेला असतो, बहुधा धावपट्टीच्या मध्याजवळचा, आणि प्रकाशित आकडे त्याचेच असतात.

बोडो: ६७ अंश १६ मिनिटं उत्तर, १४ अंश २२ मिनिटं पूर्व.
ट्रॉम्सो: ६९ अंश ४१ मिनिटं उत्तर, १८ अंश ५५ मिनिटं पूर्व.

इथे एक खड्डा आहे, आणि त्यात मी स्वतः पडले आहे. अंशाची मिनिटं साठ असतात, शंभर नव्हे. ६७ अंश १६ मिनिटं म्हणजे ६७.२७, पण घाईत हात ६७.१६ लिहून मोकळा होतो. या जोडीत चारही आकडे तसे लिहिले तर १७६ सागरी मैलांचे १६६ होतात. दहा मैल गायब, आणि उत्तर इतकं खरं वाटतं की कुणाला शंकाही येत नाही. मिनिटांना साठनं भागा, मगच अंशात मिळवा.

सागरी मैल, कारण काम सोपं होतं

किलोमीटरची सवय असली तरी हा हिशेब सागरी मैलांत करा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल, त्याची व्याख्याच त्यावरून आलेली. १९२९ मध्ये मोनॅकोत भरलेल्या परिषदेत तो १८५२ मीटर असा पक्का केला. एका अंशाचे ६० मैल, आणि ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट. विमानांचे वेग नॉटमध्येच मिळतात, त्यामुळे पुढचा भागाकारही सुटसुटीत होतो.

उत्तर-दक्षिण अंतर आधी काढा. ६९.६८ वजा ६७.२७, म्हणजे २.४१ अंश. गुणिले ६०, म्हणजे १४५ मैल.

पूर्व-पश्चिम अंतर मात्र थांबून करायचं. रेखांशांतला फरक ४.५५ अंश. याला ६० नं गुणलंत तर २७३ मैल येतील आणि सगळं मुसळ केरात. रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, सोललेल्या संत्र्याच्या फोडी देठाशी येतात तशा. विषुववृत्तावर एका रेखांशाला ६० मैल, ६० अंश उत्तरेला बरोबर निम्मे म्हणजे ३०, आणि या दोन गावांच्या मधोमध, ६८.५ अंशांवर, जेमतेम २२. हे २२ कुठून आले? दोन्ही अक्षांशांची सरासरी घ्या, तिचं कोसाइन काढा (इथे ०.३६७) आणि ६० ला गुणा. ४.५५ गुणिले २२ म्हणजे १०० मैल.

आता पायथागोरस. १४५ चा वर्ग अधिक १०० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ: १७६ मैल. गुणिले १.८५२, ३२६ किलोमीटर.

झालं. चारेकशे मैलांपर्यंत या रीतीनं येणारी चूक आपल्या कामाला नगण्य असते. पृथ्वी गोल आहे हे आपण एवढ्या अंतरात विसरलो तरी ती रागावत नाही.

कोसाइनसुद्धा नको असेल तर कंपासपेटीतलं कर्कटक काढा. छापील नकाशावर त्याची दोन टोकं दोन विमानतळांवर ठेवा, मग तेवढंच उघडं ठेवून ते नकाशाच्या बाजूच्या पट्टीवर न्या, जिथे अक्षांश लिहिलेले असतात. त्याच उंचीला, म्हणजे ६८ अंशांच्या आसपास, टोकं टेकवा आणि मिनिटं मोजा. जितकी मिनिटं तितके मैल. नकाशाच्या खालच्या पट्टीवर, रेखांशांवर, कधीही मोजायचं नाही. मला शिकवणारे गृहस्थ कुणी खालच्या पट्टीकडे कर्कटक नेलं की बोटावर पट्टीच मारायचे.

फोनवरच्या नकाशावर बोटानं अंदाज घेत असाल तर तेही ध्यानात असू द्या. तो नकाशा बहुधा मर्केटर प्रकारचा असतो आणि वर जाल तसा फुगतो. ६८ अंशांवर तो २.७ पट फुगलेला असतो. बोडो-ट्रॉम्सोची रेघ तिथे जेवढी लांब दिसते, तेवढी लांब रेघ विषुववृत्तावर काढली तर ती जवळपास नऊशे किलोमीटरची भरेल.

लांबच्या जोडीसाठी

अंतर मोठं असेल तर गोलाचं सूत्र वापरावं लागतं. शब्दांत सांगते: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, त्यात दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनचा गुणाकार मिळवायचा, आलेल्या आकड्याचं उलट कोसाइन रेडियनमध्ये काढायचं, त्याला पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येनं, ६३७१ किलोमीटरनं, गुणायचं.

आमच्या जोडीला यातून ३२६ च येतात. पण मधली बेरीज ०.९९८७ च्या आसपास असते, आणि तिथे कंजुषी करून तीनच दशांश ठेवले, ०.९९९ केलं, तर उत्तर २८५ किलोमीटर येतं. जवळच्या जोडीसाठी म्हणूनच मी आधीची रीत बरी म्हणते.

एक्सेलमध्ये हे सूत्र घालणार असाल तर एक गोष्ट सांगून ठेवते. त्याला कोन अंशात कळत नाहीत, रेडियनमध्ये लागतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अंश तसेच घातले होते. बोडो-ट्रॉम्सोला तसं केलंत तर उत्तर येतं सुमारे १३,२०० किलोमीटर. हसू येईल असा आकडा आहे म्हणून पकडला जातो. माझा त्या दिवशीचा आकडा दुर्दैवानं इतका विनोदी नव्हता, तो खपून गेला, आणि दुपारी वरिष्ठांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, हे विमान कुठून फिरून येणार आहे?" त्या दिवसापासून प्रत्येक कोन मी आधी रेडियन्स या फंक्शनमधून काढून घेते.

आता वेळ. इथे भाच्याचं घोडं अडलं होतं

तिकिटावर लिहिलेली वेळ ही हवेतली वेळ नसते. विमान उभं असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागचं हललं की घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा थांबून ठोकळे लागले की बंद. म्हणून तिला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, चढणं, उतरणं, वळसा घेऊन धावपट्टीसमोर येणं आणि मग परत रांगणं, हे सगळं तिच्यात येतं.

आणि ताशी ८०० हा आकडा? तो जेटचा आहे, तोही वर, निवांत उडत असतानाचा. १७६ मैलांत विमानाला तो निवांतपणा मिळतो किती ते बघा. समजा जेट २४,००० फुटांवर जाणार आहे. तिथवर चढायला त्याला साधारण ६० मैल लागतात. उतरण्याचा वैमानिकांचा जुना ठोकताळा म्हणजे दर हजार फुटांना तीन मैल, म्हणजे २४,००० फुटांसाठी ७२ मैल. साठ आणि बहात्तर, एकशे बत्तीस. उरले ४४ मैल. जेमतेम सहा मिनिटं. पाणी देणारी गाडी मधल्या वाटेत येते न येते तोच ती परत न्यावी लागते, ती यामुळे. त्यात १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटची मर्यादा अनेक देशांत असते.

म्हणून मी वेळ दोन तुकड्यांत काढते: मधला पट्टा आणि दोन टोकं. टोकांचा खर्च अंतरावर अवलंबून नसतो. शंभर मैल जा की हजार, तो भरावाच लागतो.

मधल्या पट्ट्यासाठी सरळ अंतरात दहा टक्के वाढवा, आणि दहा टक्के पंधरा मैलांपेक्षा कमी भरत असतील तर पंधरा मैल. विमानं ठरलेल्या वाटांनी निघतात आणि ठरलेल्या वाटांनी येतात, सरळ रेघेत कुणी जात नाही. आपले १७६ झाले १९४. मग विमानाच्या वेगानं भागा. एटीआर ७२ या पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) विमानासाठी २७५ नॉट धरा, पंख्याच्याच डॅश ८-४०० साठी ३६०, बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० या जेटसाठी ४५०. कुठलं विमान आहे ते तिकीट काढतानाच लिहिलेलं असतं, फक्त आपण बघत नाही.

टोकांसाठी छोट्या, मोकळ्या विमानतळांवर मी पंख्याच्या विमानाला २० मिनिटं देते आणि जेटला २८. पंख्याचं विमान फार वर जात नाही, त्यामुळे चढण्या-उतरण्यात त्याचा वेळ कमी मोडतो. एखादं टोक गजबजलेलं असेल तर तिथले दहा मिनिटं वाढवा. हे आकडे पुस्तकातले नाहीत, माझ्या वहीतले आहेत.

बोडो-ट्रॉम्सोचा हिशेब असा येतो. एटीआर: ४२ अधिक २०, ६२ मिनिटं. डॅश ८-४००: ३२ अधिक २०, ५२. जेट: २६ अधिक २८, ५४.

परत वाचा. डॅशपेक्षा नव्वद नॉट जास्त पळणारं जेट दोन मिनिटं मागे राहिलं. भाच्याला हे पटेना. "म्हणजे पंख्याचं विमान जेटच्या पुढे?" एवढ्याशा अंतरावर हो. सव्वादोनशे मैलांच्या पुढे गेलात की जेट पुढे सरकतं, आणि हजार मैलांवर तुलनाच उरत नाही.

माझी रीत कुठे मोडते तेही सांगते. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं एक नियमित उड्डाण आहे, जगातलं सगळ्यात छोटं. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि एकदा ते ५३ सेकंदांतही झालंय. माझी वही तिथे वीस मिनिटांच्या वर सांगेल. छोटंसं आयलंडर विमान, रांग नाही, चढणं जवळपास नाहीच, टोकांचा खर्चच शून्य. पन्नास मैलांच्या आत ही रीत वापरू नका.

वारा

बोडोहून ट्रॉम्सो ईशान्येला आहे, त्यामुळे नैऋत्येचा वारा जाताना ढकलेल, येताना अडवेल. छोट्या अंतरात याचे दोन-चार मिनिटं होतात, सोडून द्या. अंतर वाढलं की सोडता येत नाही.

५०० मैलांचा पट्टा, जेट, समोरून ६० नॉट वारा. ४५० चे उरले ३९०, लागली ७७ मिनिटं. त्याच वाऱ्यात परत येताना ५१०, म्हणजे ५९ मिनिटं. वारा नसता तर ६७. आता सरासरी काढा: ६८. जाताना गमावलेलं येताना पूर्ण भरून निघत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो. पंख्याच्या विमानाला हाच वारा जास्त बोचतो: २७५ नॉटवर जाताना १४० मिनिटं, येताना ९०. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की जेट स्ट्रीम नावाचे सोसाट्याचे वारे तीस-चाळीस हजार फुटांवर वाहतात आणि एटीआर २५,००० च्या वर जात नाही.

आडव्या वाऱ्याचा बाऊ करू नका. बरोबर कुशीवरून ६० नॉट आला तरी ४५० चे ४४६ होतात.

तिकिटावरची घड्याळं

सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची, पोचण्याची पोचण्याच्या गावची. नॉर्वेत दोन्हीकडे एकच घड्याळ, त्यामुळे नुसती वजाबाकी चालते. सगळीकडे चालत नाही. ऑस्ट्रेलियातलं न्यूकॅसल ते गोल्ड कोस्ट बघा. २९१ मैल, दहा टक्के धरून ३२०, जेटनं ४३ अधिक २८, म्हणजे साधारण एक तास दहा मिनिटं. पण न्यू साउथ वेल्समध्ये उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात आणि क्वीन्सलँडमध्ये करत नाहीत. मग न्यूकॅसलहून दहाला निघालेलं विमान गोल्ड कोस्टला दहा वाजून दहा मिनिटांनी पोचतं, आणि परतीचं दहाचं विमान बारा वाजून दहा मिनिटांनी. गोल्ड कोस्टची धावपट्टी दोन राज्यांच्या हद्दीवरूनच जाते, विमानतळ मात्र क्वीन्सलँडचं घड्याळ पाळतो. गोंधळ वाटला तर दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत, यूटीसीत, बदला आणि मग वजाबाकी करा.

आणि कंपन्या छापील वेळेत थोडा उशीर आधीच मिसळतात. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर सर्रास वेळेवरच धरला जातो, आणि छापील वेळच सैल ठेवली की आकडेवारी आणखी छान दिसते. तुमचं उत्तर तिकिटापेक्षा पाच-दहा मिनिटांनी कमी आलं तर तुमचं चुकलं असं समजू नका. वीसनं कमी आलं तर मात्र आकडे परत तपासा. आधी साठची मिनिटं, मग कोसाइन.

शेवटी खऱ्या उड्डाणांशी ताडून बघा. विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर त्याच क्रमांकाची मागची दहा उड्डाणं उघडा, वेळा चढत्या क्रमानं लावा आणि मधली घ्या. सरासरी नको, एखादं बर्फात अडकलेलं उड्डाण सरासरीची वाट लावतं. ॲप जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंतची वेळ देतंय की ठोकळ्यांपासूनची, एवढं आधी बघून घ्या. पुढचं विमान पकडायचं असेल तर मधली वेळ धरू नका, त्या दहांतली शेवटून दुसरी धरा.

भाचा डॅश ८ नं गेला. उतरल्यावर त्याचा निरोप आला: विमान हललं तेव्हापासून थांबेपर्यंत ५६ मिनिटं, मावशी, तुझे ५२ चुकले. मी विचारलं, उडालात कुठल्या बाजूला? बोडोची धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे. तर म्हणे आधी समुद्राकडे, पश्चिमेला गेलो आणि मग मोठा वळसा घेतला. चार मिनिटं तिथे होती.